गळाचे मासे फ्रीझरमध्ये: एका फ्रिज मेकॅनिकची रीत

३३ वर्षं मी लोकांचे फ्रिज आणि डीप फ्रीझर दुरुस्त केले, आणि तरीही १४ किलो मासे माझ्याच फ्रीझरमध्ये माझ्याच हातांनी वाया घालवले.

व्हॅक्यूम सीलर, म्हणजे पिशवीतली हवा ओढून तोंड चिकटवणारं यंत्र, नवीन घेतलं होतं. मी आणि मेहुणा दोन दिवस गळ टाकून बसलो होतो, मासे भरपूर लागले. घरी येऊन रात्री एक वाजेपर्यंत पिशव्या भरल्या, हवा ओढली, सील मारलं आणि विटा रचाव्यात तशा एकावर एक रचून फ्रीझरचं झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहज मधली पिशवी उचलली तर ती मऊ. कडेच्या दगडासारख्या, मधल्या लोण्यासारख्या. मनात म्हटलं, होतील हळूहळू. झाल्याही. पण दोन महिन्यांनी त्या मधल्या पिशव्या सोडल्या तेव्हा माशाने अर्धी वाटी पाणी टाकलं होतं, बोट लावलं की मांस सुटत होतं, आणि वास असा की मांजराने सुद्धा मान फिरवली. कडेच्या पिशव्या मात्र छान निघाल्या.

मेहुणा म्हणाला, "दाजी, मशीन बदलून आणा."

मशीनचा काडीचा दोष नव्हता. एखाद्या गिऱ्हाइकाकडे असा ढीग दिसला असता तर मी त्याला पाच मिनिटं व्याख्यान झोडलं असतं. तेच इथे देतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

फ्रीझर माशात थंडी भरत नाही, माशातली उष्णता उपसून बाहेर टाकतो. विहिरीवरच्या पंपासारखं. पंपाची ताकद ठरलेली असते, तुम्ही घाई केली म्हणून तो जास्त उपसत नाही. व्हॅक्यूम सीलरचा या कामाशी संबंधच नाही, ते फक्त हवा काढतं. मासा बिघडतो तो या दोन गोष्टींनी, आधी उष्णतेने आणि मग हवेने. आपण सगळे हवेच्या मागे लागतो, कारण तिच्यासाठी चकचकीत यंत्र मिळतं. उष्णतेसाठी मिळतो फक्त बर्फ, आणि तो नेमका आपण कमी नेतो.

पहिला तास

मासा वर आला की आधी त्याला मारा. बाहेर काढून तडफडत ठेवलेला मासा स्वतःच्या स्नायूंतली साठवण जाळून टाकतो, अंगात आम्ल वाढतं, आणि पुढे तेच मांस लवकर ताठरतं, लवकर सैल पडतं. डोळ्यांच्या मागे डोक्यावर एक नेमका टोला पुरतो. टोला बसल्यावर मासा बेशुद्ध असतो, पण त्याचं हृदय थोडा वेळ चालू राहतं. तेवढ्या वेळात दोन्ही बाजूंचे कल्ले कापा आणि मासा पाण्याच्या बादलीत उभा धरा. हृदयच रक्त बाहेर ढकलून देतं. पाच-दहा मिनिटांत बादली लाल होते आणि मांस गोरं पडतं. रक्त राहिलं तर त्यातलं लोह माशातल्या तेलाला खवट व्हायला मदत करतं. सहा महिन्यांनी फ्रीझरमधून जो जुनाट वास येतो, त्याचं मूळ पुष्कळदा या न काढलेल्या रक्तात असतं.

मग पोट साफ करा. आतड्यातले पाचक रस मासा मेल्यावर थांबत नाहीत, आता ते माशालाच पचवायला लागतात, आणि सुरुवात पोटाच्या पातळ भिंतीपासून होते. भरल्या पोटी गळाला लागलेला बांगडा किंवा तारली दुपारपर्यंत तशीच ठेवली तर पोट फाटलेलं दिसतं, ते यामुळे. आत पाठीच्या कण्याला चिकटलेली काळपट लाल रेघ असते, ती चमच्याच्या टोकाने किंवा जुन्या टूथब्रशने खरवडून काढा. बहुतेक जण ती सोडून देतात. मीही सोडायचो.

आता बर्फ. नुसत्या बर्फाच्या खड्यांवर मासा ठेवला तर तो खड्यांना जिथे टेकतो तिथेच गार होतो, बाकी अंगाभोवती हवा असते. त्यापेक्षा दोन भाग चुरा बर्फ आणि एक भाग समुद्राचं पाणी असा पातळ काला करा आणि मासा त्यात बुडवा. पाणी सगळीकडून अंगाला भिडतं आणि उष्णता भराभर ओढून घेतं. शिवाय समुद्राचं पाणी उणे २ अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे हा काला शून्याच्याही थोडा खाली जातो. लहान मासे तासाभरात आतपर्यंत गार होतात, मोठ्याला जास्त वेळ लागतो. गार झाला की बाहेर काढा, कारण दिवसभर त्यात पडला तर मासा मीठ आणि पाणी दोन्ही पितो. पुढे थराथराने चुरा बर्फ, मासा, पुन्हा बर्फ. बर्फाच्या पेटीचं खालचं बूच उघडं ठेवा, म्हणजे वितळलेलं पाणी निथळून जाईल. रक्ताळलेल्या पाण्यात लोळणारा मासा गार असला तरी बिघडतो. गोड्या पाण्यातल्या माशाला खारा काला नको, त्याला थेट चुरा बर्फच बरा.

बर्फ किती? मेकॅनिकचा हिशेब सांगतो. १ किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता पितो. १ किलो मासा ३० अंशांवरून शून्यावर आणायला साधारण २५ किलोकॅलरी काढाव्या लागतात. कागदावर पाहिलं तर किलोभर माशाला पाव किलोहून थोडा जास्त बर्फ पुरे. पण पेटीच्या भिंतींतून आत झिरपणारी उष्णता, दर दहा मिनिटांनी "बघू किती झाले" म्हणून उघडलेलं झाकण आणि परतीचा प्रवास हे सगळं त्याच बर्फाच्या खात्यातून जातं. म्हणून माशाच्या वजनाइतका बर्फ ही किमान मर्यादा, उन्हाळ्यात दुप्पट. पेटी आदल्या रात्रीच बर्फ टाकून आतून गार करून ठेवा, नाहीतर पहिले काही तास बर्फ मासा सोडून पेटीच गार करत बसतो.

एवढी घाई कशाला, असं वाटेल. माशावरचे जंतू मुळातच थंड पाण्यात राहणारे, त्यांना थंडीची सवय असते. शून्यावर मासा ज्या वेगाने बिघडतो, त्याच्या जवळपास दुप्पट वेगाने ५ अंशांवर आणि चौपट वेगाने १० अंशांवर. घरातला फ्रिज ४-५ अंशांवर चालतो. म्हणजे "फ्रिजमध्ये ठेवलाय ना, उद्या बघू" म्हणणाऱ्याचं घड्याळ दुप्पट वेगाने पळतं. रात्री कापायला वेळ नसेल तर मासा बर्फासकट परातीत घालून फ्रिजमध्ये ठेवा.

बांगडा, सुरमई, ट्यूना यांच्या बाबतीत तर हा पहिला तास चवीपुरता नाही, तब्येतीचा आहे. या घराण्यातल्या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा उन्हात तापला की जंतू त्याचं हिस्टामाइन करतात. चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, अंगाला खाज, छातीत धडधड, हे ते खाल्ल्यावर होणारे त्रास. हिस्टामाइन एकदा तयार झालं की शिजवून जात नाही, गोठवून जात नाही, आणि हवा काढून तर मुळीच नाही. मासा दिसायला आणि वासाला ठीक असू शकतो. म्हणून मी हे मासे पकडले की फोटो नंतर काढतो, आधी बर्फ.

कापण्याआधी थोडं थांबा

मेल्यावर काही वेळाने मासा लाकडासारखा ताठ होतो आणि बर्फात असला तर एखाद्या दिवसाने पुन्हा सैल पडतो. ताठ असताना फिलेट, म्हणजे काट्यावरून सोडवलेला मांसाचा सलग काप, काढू नका. वाकडा ताठलेला मासा जोर लावून सरळ केला की मांसाच्या पाकळ्या एकमेकींपासून सुटतात आणि फिलेटला भेगा पडतात. त्या भेगा पुढे गोठताना आणखी उघडतात. म्हणून बर्फात ठेवतानाच मासा सरळ ठेवा आणि सैल पडला की कापा. तोवर तो नीट बर्फात असेल तर काही बिघडत नाही.

फिलेट नळाखाली धरून धूत बसू नका. साधं पाणी मांसात शिरतं, चव धुऊन जाते आणि गोठताना तेच पाणी बर्फ होऊन मांस फाडतं. लिटरभर बर्फगार पाण्यात ३० ग्रॅम मीठ विरघळवा, म्हणजे जवळपास समुद्राइतकं खारट झालं, आणि त्यात फिलेट फक्त बुचकळून काढा. मग कोरडं करा. इथे कंजूषपणा नको. कागदी टॉवेल नाहीतर स्वच्छ सुती फडकं घ्या, दोन्ही बाजूंनी दाबून टिपा, कागद ओला झाला की बदला. ओला तुकडा पिशवीत गेला की यंत्र हवेआधी पाणी ओढतं, ते पाणी सील होणाऱ्या पट्टीवर येतं आणि सील कच्चं राहतं.

तेलकट माशांना एक जादा काम. कातडीच्या बाजूला, मधोमध, गडद तांबूस मांसाची पट्टी असते. खवटपणा तिथून सुरू होतो. महिनाभरात खायचा असेल तर राहू दे, जास्त ठेवायचा असेल तर व्ही आकाराचा काप देऊन ती काढून टाका. लिटरभर गार पाण्यात दोन छोटे चमचे ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे व्हिटॅमिन सीची पूड, टाकून त्यात फिलेट २० सेकंद बुडवलं तरी तेल खवट व्हायला उशीर लागतो. मी दोन्ही करतो. मेहुणा एकही करत नाही आणि मार्चमध्ये माझ्या पिशव्या मागतो.

तुकडे एका जेवणाला पुरतील एवढे करा आणि जाडी २-२.५ सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. जाडी दुप्पट झाली की आतपर्यंत गोठायला लागणारा वेळ दुपटीहून जास्त वाढतो. दीड किलोचा एकच गठ्ठा बांधण्यापेक्षा अर्ध्या किलोच्या तीन चपट्या पिशव्या बांधा. खर्च पिशव्यांचा वाढतो, मासा वाचतो.

आता ते चकचकीत यंत्र

घरगुती सीलर पिशवीच्या तोंडातून हवा ओढतं. त्याला एका बाजूने खडबडीत, जाळीदार नक्षीची पिशवीच लागते. नक्षीच्या बारीक वाटांतून हवा बाहेर येते. गुळगुळीत पिशवी लावली तर ओढ सुरू होताच दोन्ही पापुद्रे चिकटतात आणि तळाशी हवा अडकून राहते. गुळगुळीत पिशव्या चेंबरच्या मोठ्या यंत्रांसाठी असतात, तिथे पिशवी अख्खीच्या अख्खी निर्वात पेटीत बसते. चांगल्या पिशवीत निदान दोन थर असतात. बाहेरचा नायलॉनचा थर ऑक्सिजन अडवतो, आतला पॉलिथिनचा थर वितळून सील होतो. साधी पॉलिथिनची पिशवी ओलावा अडवते पण ऑक्सिजन तिच्यातून सावकाश आत येत राहतो, म्हणून किराण्याच्या पिशवीला गरम सुरीने चिकटवण्याचा उद्योग तेलकट माशासाठी फुकट आहे.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो आधी गोठवण्याने. टिपलेले तुकडे ताटलीत बेकिंगचा कागद पसरून एकेरी मांडा आणि तास-दीड तास फ्रीझरमध्ये ठेवा. पृष्ठभाग कडक झाला पाहिजे, आत अजून जरा दबलं तरी चालेल. असा तुकडा पिशवीत चेपत नाही, पाणी सोडत नाही, सील स्वच्छ बसतं. पूर्ण दगड होईपर्यंत मात्र थांबू नका, गोठलेल्या तुकड्याच्या धारदार कडा पिशवीला भोक पाडतात.

मासा भरण्याआधी पिशवीचं तोंड बाहेरच्या बाजूला बाहीसारखं दुमडून घ्या, चार बोटं. मग तुकडे आत सरकवा आणि दुमड सरळ करा. सील होणारी जागा कोरडी आणि बिनतेलाची राहते. हातावरचं जरासं तेल तिथे लागलं तरी सील दिसायला पक्कं आणि आठवड्याने सैल. तुकडा आणि तोंड यांच्यामध्ये ७-८ सेंटिमीटर रिकामी जागा सोडा. तुकडा अजून ओलसर वाटत असेल तर त्या रिकाम्या जागेत टिश्यूची दुमडलेली पट्टी आडवी घाला, सुटणारा थेंब ती पिऊन घेते. तोंड यंत्रात घालताना दोन्ही हातांनी ताणून धरा, सुरकुती पडली की त्या सुरकुतीतून हवा आत येते. एक सील झालं की पिशवी बोटभर मागे ओढून दुसरं मारा. पाच-सहा पिशव्यांनंतर यंत्राला जरा दम खाऊ द्या. तापलेली पट्टी पिशवी चिकटवण्याऐवजी कापायला लागते, आणि अशी जळालेली यंत्रं मी पुष्कळ उघडली आहेत.

अख्खा मासा किंवा काट्यासकटच्या तुकड्या असतील तर पर कात्रीने मुळापासून छाटा. कण्याची कापलेली टोकं आणि कल्ल्यांची हाडं यांवर बेकिंग कागदाची जाड घडी ठेवा. व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा पिशवीला सगळीकडून दाबते, आणि सुईसारखा काटा त्या दाबाला किती पुरतो ते मला पहिल्याच खेपेला कळलं. बारा पिशव्यांपैकी तीन सकाळी फुगलेल्या होत्या.

म्हणूनच झोपण्यापूर्वी प्रत्येक पिशवी एकदा दाबून बघा आणि सकाळी पुन्हा. सैल पडलेली असेल तर तोंड कापून, भोक शोधून, नव्या पिशवीत घाला. त्याला टेप लावून काही होत नाही.

पिशवीवर नाव भरण्याआधीच लिहा. भरल्यावर ती गार, ओलसर असते आणि मार्कर घसरतो. मासा कोणता, वजन, कातडीसकट की बिनकातडीचा, तारीख. पहिल्या वर्षी मी नुसतं "मासा" असं लिहिलं होतं. गोठलेल्या पिशवीतून सगळे फिलेट सारखेच दिसतात.

गोठवणं, म्हणजे माझं खातं

शून्याखालचा हिशेब आता बघा. शून्यावरचा किलोभर मासा उणे १८ पर्यंत न्यायला आणखी ७० किलोकॅलरींच्या आसपास उष्णता काढावी लागते, कारण मांसातलं पाणी बर्फ होताना आपली सगळी लपवलेली उष्णता बाहेर टाकतं. ३० अंशांचा मासा थेट फ्रीझरमध्ये टाकला तर वरचे २५ ही त्याच्याच डोक्यावर बसतात. सीलबंद १४ किलोचा ढीग एका रात्रीत टाकला की कॉम्प्रेसर बिचारा रात्रभर धापा टाकतो आणि ढिगाच्या पोटातली उष्णता बाहेर यायला वाट शोधत राहते.

उणे १ ते उणे ५ अंश हा पट्टा सगळ्यात वाईट. मांसातलं बहुतेक पाणी इथेच बर्फ होतं. मासा हा पट्टा झटपट ओलांडून गेला तर बर्फाचे कण बारीक राहतात. तिथे रेंगाळला तर कण मोठे होतात, पेशींच्या बाहेर पसरतात, पेशींतलं पाणी ओढून घेतात. वितळल्यावर ते पाणी परत आत जात नाही. माझ्या पिशव्यांमध्ये अर्धी वाटी पाणी आलं ते तिथून. क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाच्या अमेरिकन माणसाने १९१०च्या दशकात आजच्या कॅनडातल्या लॅब्राडोरच्या कडाक्याच्या थंडीत तिथल्या इनुइट आदिवासींचे मासे बाहेर काढताक्षणी गोठताना पाहिले आणि ते महिन्यांनी खाल्ले तरी ताजे लागतात हे त्याच्या लक्षात आलं. झटपट गोठवण्याचा आजचा सगळा धंदा तिथून उभा राहिला. आपल्याकडे ते वारं नाही, पण युक्त्या आहेत.

आदल्या दिवशीच थर्मोस्टॅट सगळ्यात थंड खुणेवर न्या, जलद गोठवण्याचं बटण असेल तर ते दाबा. २४ तासांत फ्रीझरच्या दर १०० लिटरमागे ३ ते ५ किलोच ताजा माल टाका. त्याहून जास्त असेल तर बाकीचा बर्फात ठेवून दुसऱ्या दिवशी टाका. पिशव्या एकेरी थरात, आडव्या, ॲल्युमिनियमच्या ट्रेवर ठेवा, ट्रे थंड भिंतीला किंवा तळाला टेकलेला असावा. पिशव्यांमध्ये बोटभर फट. आधीच गोठलेल्या मालाला नव्या पिशव्या चिकटू देऊ नका, नाहीतर जुना माल कडेने मऊ होऊन पुन्हा गोठतो. दुसऱ्या दिवशी सगळं दगड झालं की मग हवं तसं रचा, पुस्तकांसारखं उभं लावलं तर नावं वाचता येतात.

आणि माझी आवडती युक्ती. सीलबंद पिशवीचा खरा फायदा हा की ती पाण्यात बुडवता येते. बादलीत चुरा बर्फ घ्या, तीन-चार किलोमागे किलोभर जाडं मीठ मिसळा, थोडं पाणी घालून ढवळा. मीठ-बर्फाचं मिश्रण जास्तीत जास्त उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकतं. बादलीत तेवढं मिळत नाही, पण उणे १० मिळालं तरी पुरे. फ्रीझरमधल्या हवेपेक्षा गार द्रव उष्णता कितीतरी वेगाने ओढतो. चपट्या पिशव्या यात बुडवून अधूनमधून हलवत राहा, त्या कडक झाल्या की बाहेर काढून पुसा आणि फ्रीझरमध्ये हलवा. ट्यूना पकडणारी मोठी जहाजं मासा थंड खाऱ्या पाण्यातच गोठवतात. सील पक्कं नसेल तर मात्र मासा लोणच्यासारखा खारट होईल, म्हणून हे दुहेरी सीलच्या पिशव्यांनाच करा.

पुढे फ्रीझर उणे १८ वर किंवा त्याखाली, आणि तो आकडा डायलवर नाही, आत ठेवलेल्या थर्मामीटरवर बघा. डायलवरच्या १ ते ५ ला काही अर्थ नसतो, हे मी शपथेवर सांगतो. आपोआप डीफ्रॉस्ट होणाऱ्या फ्रीझरमध्ये दिवसातून एक-दोनदा आत हीटर चालू होतो. त्याच्या जवळच्या आणि दाराच्या कप्प्यातल्या मालाचं तापमान वरखाली होतं, आणि दर वेळी बारीक कण वितळून मोठ्या कणांना मिळतात. मासा आत, खोलवर ठेवा. वीज गेली तर झाकण उघडून बघू नका. गच्च भरलेला फ्रीझर बंद ठेवला तर साधारण ४८ तास माल गोठलेला राहतो, अर्धा भरलेला २४ तास.

किती दिवस टिकतो? उणे १८ वर, साध्या बांधणीत, बांगडा-सॅल्मनसारखा तेलकट मासा दोन-तीन महिने चवीला चांगला राहतो, तांबोशी-कॉडसारखा कमी तेलाचा सहा-आठ महिने. व्हॅक्यूममुळे ही मुदत वाढते, कारण हवा नाही म्हणजे तेल लवकर खवट होत नाही आणि मांसातला बर्फ थेट वाफ होऊन पांढरे, कोरडे चट्टे पडत नाहीत. पण मी माझ्यापुरता नियम केला आहे: तेलकट सहा महिन्यांत, बाकी वर्षाच्या आत. पुढच्या मोसमाचे मासे येण्याआधी फ्रीझर रिकामा.

वितळवताना पिशवी फोडा

हे वाक्य घाईत वाचू नका. क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू समुद्राच्या आणि तळ्यांच्या गाळात असतो, त्याचे बीजाणू माशावर येतात आणि गोठवल्याने मरत नाहीत. त्याला वाढायला हवा नको असते. माशावर आढळणारा त्याचा ई प्रकार ३.३ अंशांवरही वाढू शकतो, म्हणजे घरातल्या फ्रिजच्या तापमानालाच. आणि आपण काय केलं? हवा काढली. एरवी हवेत मासा सडला तर वास येऊन आपल्याला कळतं. हवाबंद पिशवीत हा जंतू आपलं विष तयार करील आणि नाकाला पत्ता लागणार नाही. गोठलेला असेपर्यंत धोका नाही, प्रश्न आहे तो वितळण्याच्या काळाचा.

म्हणून फ्रीझरमधून काढलं की आधी पिशवीचं तोंड कापा किंवा मासा बाहेर काढून झाकलेल्या भांड्यात ठेवा, आणि मग फ्रिजमध्ये रात्रभर वितळू द्या. घाई असेल तर मासा बाहेर काढून दुसऱ्या साध्या पिशवीत घाला, ती गार पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला आणि लगेच शिजवा. ओट्यावर नको. ताज्या माशाची हवाबंद पिशवी न गोठवता चार दिवस फ्रिजमध्ये ठेवणंही याच कारणाने नको, सीलर विकणारे चित्रात काहीही दाखवोत. पिशवी वितळून पुन्हा गोठलेली सापडली, कधी वितळली ते माहीत नसेल, तर टाकून द्या.

कच्चा मासा खाणाऱ्यांसाठी एक. समुद्री माशांत अनिसाकिस नावाच्या जंताच्या अळ्या असू शकतात. हवा काढून त्या मरत नाहीत. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाचं माप उणे २० अंशांवर सलग ७ दिवस असं आहे, आणि उणे १८ वर चालणारा घरचा फ्रीझर त्यात बसत नाही. माझा थर्मामीटर उणे २२ दाखवतो, तरीही आमच्या घरी मासा शिजवूनच.

यंत्र नसेल तर

काही अडत नाही. झिपच्या जाड पिशवीत मासा घाला, झिप बोटभर उघडी ठेवून पिशवी पाण्याच्या बादलीत हळूहळू बुडवा. पाणीच हवा वर ढकलतं. पाणी झिपपाशी आलं की बंद करा. व्हॅक्यूमइतकं नाही, पण त्याच्या बऱ्याच जवळ जातं. अख्ख्या लहान माशांना बर्फाचं कवच चढवता येतं: आधी उघडे गोठवा, मग बर्फगार पाण्यात क्षणभर बुडवून पुन्हा फ्रीझरमध्ये, असं तीन-चार वेळा. मग पिशवीत. कवच दर महिन्या-दोन महिन्यांनी झिजतं, तेव्हा पुन्हा एक बुडी द्यावी लागते. माझं पहिलं सीलर बंद पडलं त्या वर्षी मी अख्खा मोसम असाच काढला.

ते बंद का पडलं, तेही सांगून टाकतो. काम झाल्यावर मी माशाचं पाणी साचलेला खालचा ट्रे न धुता, झाकण घट्ट लॅच लावून यंत्र कपाटात ठेवलं. चार महिने दाबाखाली राहून झाकणाखालची फट बंद करणारं फोमचं गास्केट चपटं झालं आणि पुढच्या खेपेला ओढच लागेना. आता ट्रे साबणाने धुतो, गास्केट काढून कोरडं पुसतो, आणि झाकण नुसतं टेकवून ठेवतो. गास्केटची जोडी वेगळी मिळते, एक जादा आणून ठेवा.